बारागाड्या ओढायला अंगात किती जोर लागतो? यंदा पाळी माझी आहे

गिरणाकाठचा फिटर:

राम राम मंडळी. आमच्या गावी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बारागाड्या ओढतात. खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बारा बैलगाड्या बैल न जुंपता एकामागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं बसवायची आणि भगताने खंडेरायाचं नाव घेऊन त्या ओढायच्या. भगताच्या कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला दोर, दोर पहिल्या गाडीच्या जुवाला. दोन बाजूंना दोन बगले त्याचे दंड धरून पळतात. मारुतीच्या पारापासून मरीमातेच्या ओट्यापर्यंत.

आमच्या घरात हा मान चार पिढ्यांचा आहे. काकांनी २२ वर्षं ओढल्या. गेल्या वर्षी गाड्या सुटल्या त्या वेळेवर थांबल्याच नाहीत. काका ओट्याशी बाजूला व्हायला गेले, भंडाऱ्यावरून पाय सरकला आणि पहिल्या गाडीचं चाक टाचेवरून गेलं. टाचेच्या हाडात दोन स्क्रू आहेत. आता चालतात, पण ओढणं नाही. चुलतभाऊ सुरतेला असतो. म्हणून पट्टा माझ्याकडे आला.

मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वजन ६२ किलो. कारखान्यात साडेतीनशे किलोची मोटर हलवायची तर चेन ब्लॉक लावल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. म्हणून परवा रात्री हिशोब करायला बसलो. रिकामी गाडी साधारण ३५० किलो. वर आठ माणसं धरली, ६० किलोची, तर ४८०. एका गाडीचे ८३०. बारा गाड्यांचे जवळपास दहा टन. हा आकडा वहीत लिहिल्यापासून मला नीट झोप नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या दहा टनांतलं माझ्या कमरेवर खरोखर किती येतं? आणि त्या दिवशी माणसाच्या अंगात नेहमीपेक्षा दुप्पट-चौपट बळ येतं म्हणतात, ते शरीराच्या हिशोबाने शक्य आहे का? काका म्हणतात, ओढताना त्यांना काहीच जड लागलं नाही, टाच मोडल्याचंही पाच-दहा मिनिटांनी कळलं. काका खोटं बोलणारा माणूस नाही. भाचा दहा वर्षांचा आहे, त्याला वाटतं सिनेमातला हिरो एका हाताने ट्रक थांबवतो तसंच मामाचं असणार.

आखाजीला सात आठवडे आहेत. श्रद्धेची टिंगल करायची असेल तर कृपया इथे लिहू नका. मी ओढणार आहे, ते ठरलेलं आहे. कसं ओढावं ते मला समजून घ्यायचं आहे.

पारोळ्याचे आप्पा:

भो, माझं वय ७१. आमच्याकडे म्हण आहे, आंगमा देव येस तव गाडी हालस. मी ती मानतो. पण एक गोष्ट ऐक. माझे वडील ओढायचे, तेव्हा आधीचे आठ दिवस ते रोज पहाटे तो सगळा रस्ता स्वतः झाडायचे. खडा न खडा वेचायचे. गाड्या कोणाच्या घ्यायच्या तेही तेच ठरवायचे, चाकांत वंगण घालून घ्यायचे, आसाला कान लावून ऐकायचे. देवावर त्यांचा विश्वास कमी होता म्हणून नव्हे. त्यामुळे तू हिशोब करतोस म्हणून कोणी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नको. सव्वा महिन्याचा नेम धरशील, तेव्हा उपासाच्या नावाखाली पोट मारू नकोस, एवढंच.

अमळनेरचे निवृत्त मास्तर:

फिटरभाऊ, मी ३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. तुझा प्रश्न वाचून खडू हातात घ्यावासा वाटला.

पहिली गोष्ट, ते दहा टन तू उचलत नाहीस. ते जमीन उचलते. तुझ्या वाट्याला येतो तो फक्त चाकं फिरताना होणारा अडथळा. लोखंडी धावेचं, म्हणजे कडेला लोखंडी पट्टी चढवलेलं, लाकडी चाक कडक, सपाट रस्त्यावर चालत असेल तर दर १०० किलो वजनामागे दोन ते तीन किलोच्या ओढीइतका अडथळा होतो. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलो. नदीच्या कोरड्या वाळूत वीसच्याही वर, म्हणून तर वाळूत बैल गुडघ्यावर येतात. रबरी टायर आणि बेअरिंग असलेली गाडी डांबरी किंवा काँक्रीट रस्त्यावर दीड किलोतही चालते. म्हणजे तुझे दहा टन काँक्रीटवर लोखंडी धावेने न्यायचे तर अडीचशे किलोची ओढ. हीसुद्धा एका माणसाची नाही. का, ते सांगतो.

माणूस ओढतो तो पायांनी जमीन मागे रेटून. जमीन जितकं धरून ठेवेल तितकंच तो ओढू शकतो. अनवाणी पाय आणि कोरडं काँक्रीट असेल तर ही पकड तुझ्या वजनाच्या पासष्ट-सत्तर टक्के. ६२ किलोचे झाले चाळीस-त्रेचाळीस. तुझ्या मांड्यांत हत्तीचं बळ घातलं तरी हा आकडा हलणार नाही, तू फक्त जागेवर घसरशील. अचाट ताकदीबद्दल लोक बोलतात तेव्हा हीच गोष्ट विसरतात. २०१६ साली एडी हॉल या ब्रिटिश पैलवानाने ५०० किलो जमिनीवरून उचलले. पण ते सरळ वर उचलले. वर उचलताना ओझंच तुमचे पाय जमिनीवर दाबून ठेवतं, पकडीचा प्रश्न येत नाही. आडवं ओढताना तुमच्याजवळ फक्त तुमचं स्वतःचं वजन असतं.

भाच्याला हे सांग. समजा ७० किलोचा एक माणूस आहे, हाडं पोलादाची, थकवा नाही. समोरून ६० किलोमीटर वेगाने दहा टनांचा ट्रक आला, ड्रायव्हरने पाय काढलेला आहे, आणि याने तो छातीवर झेलला. हाडं मोडली नाहीत असं धरू. याच्या पायांची पकड पन्नास किलोच्या आत. ट्रकचाच अडथळा सोडून दिला आणि नुसता या माणसाच्या पायांवर हिशोब केला, तर ट्रक थांबेपर्यंत तो जवळजवळ तीन किलोमीटर मागे घसरत जाईल. मुलाला आकडेमोड येत असेल तर त्याच्याकडून करून घे: ट्रकची गतिज ऊर्जा भागिले पायाची ओढ.

आता मला तुझ्याकडून दोन मापं हवीत. एक, गाडी प्रत्यक्ष किती किलोने हलते. दुसरं, तुमच्या रस्त्याला उतार किती आहे. मला दाट संशय आहे की पाराकडून ओट्याकडे उतार असणार. १०० फुटांत दोन फूट उतार असेल तर दर १०० किलोमागे दोन किलो पृथ्वी स्वतःच ओढते. काका २२ वर्षं टिकले त्याचं अर्धं उत्तर त्यात असेल.

जिम_शिरपूर:

सर, पण गोरिला-चिंपांझी माणसाच्या दहापट ताकदीचे असतात ना? त्यांचे स्नायू एवढं करू शकतात तर माणसाच्या अंगात ते बळ लपलेलं असू शकतं. आणि आता असं इंजेक्शन येणार म्हणे ज्याने स्नायू आपोआप वाढतात.

धुळ्याची फिजिओ:

जिम_शिरपूर, दहापट ही ऐकीव गोष्ट आहे. २०१७ साली चिंपांझीचे स्नायू प्रयोगशाळेत तपासून आलेला आकडा असा, की तेवढ्याच वजनाच्या स्नायूमागे तो माणसापेक्षा साधारण १.३५ पट जोर काढतो. आपल्या स्नायूंत दमाने चालणारे तंतू जास्त, त्याच्यात झटक्याचे जास्त. आपण मैलोन्मैल चालू शकतो तो त्याचाच मोबदला. इंजेक्शनबद्दल: मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन स्नायूंची वाढ रोखून धरतं, हे १९९७ मध्ये उंदरांवर कळलं. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांत ते जन्मतःच बिघडलेलं असतं, म्हणून ते दगडात कोरल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्या गायींची बाळंतपणं बहुतेक पोट कापूनच करावी लागतात. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका मुलातही असा बदल सापडला. पण जिममध्ये कोणी बाटली दाखवून हे नाव घेतलं तर तिथून निघून या. माझ्याकडे अशी दोन मुलं आली आहेत, तिशीच्या आतली.

आता फिटरदादा, तुमच्यासाठी. काका खरंच बोलत आहेत.

माणसाचा स्नायू जाडीच्या दर चौरस सेंटिमीटरमागे अडीच-तीन किलो जोर काढतो. पैलवानाचा असो नाहीतर शिंप्याचा, हा दर फारसा बदलत नाही, जाडी बदलते. म्हणून देव अंगात आला, घराला आग लागली किंवा मूल चाकाखाली अडकलं, तरी त्या क्षणी स्नायू जाड होत नाही. बदलतं ते एवढंच, की मेंदू एरवी सगळे तंतू एकदम कामाला लावत नाही, हात राखून वापरतो, आणि उत्तेजनेत तो हात सैल सोडतो. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस यांनी हे मोजलं. माणसाने कोपराचा पूर्ण जोर लावायच्या जरा आधी पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला तर जोर सुमारे ७ टक्के वाढला. जोर लावताना तो स्वतः ओरडला तर सुमारे १२ टक्के. तुमच्याकडे ‘यळकोट यळकोट’ म्हणत पहिला झटका देतात, त्याला अर्थ आहे दादा. मात्र तो आठव्या हिश्श्याचा अर्थ आहे, चौपटीचा नाही.

दुसरं जे बदलतं ते जास्त मोठं आणि जास्त धोक्याचं. दुखणं कळत नाही. अंगात ॲड्रेनालिन असतं, शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, आणि माणूस मोडलेल्या टाचेवर उभा राहतो. काकांना जड लागलं नाही ते यामुळे. ओझं तितकंच होतं, फक्त निरोप वर पोहोचत नव्हता.

आणि मेंदू हात राखून वापरतो तो आळसाने नव्हे. कोपर बघा. दंडाचा स्नायू सांध्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला, आणि बादली पस्तीस सेंटिमीटरवर. दहा किलोची बादली धरली की त्या स्नायूवर सत्तर-ऐंशी किलो. आपल्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या तरफा अशा उलट्या आहेत, वेगासाठी बनलेल्या, वजनासाठी नाहीत. स्नायू हाडाला बांधणारा स्नायुबंध एका चौरस मिलिमीटरला साधारण दहा किलोपर्यंत तग धरतो, पुढे तुटतो. धावताना टाचेमागच्या बंधावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतोच. म्हणजे कोणाला रातोरात दसपट स्नायू मिळाले, तर पहिल्या पावलाला त्याचे स्वतःचेच बंध हाडावरून उपटून येतील.

करायचं काय, तर आजपासून तयारी. ट्रॅक्टरचा जुना टायर दोराने कमरेला बांधून शेताच्या वाटेने ओढा, आठवड्यात तीन दिवस, वीस-तीस पावलं, मग पूर्ण विश्रांती. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जो जोर वाढतो तो स्नायू वाढल्याने कमी आणि मेंदू-मज्जातंतू शिकल्याने जास्त, म्हणजे सात आठवडे तुम्हाला पुरेसे आहेत. पूर्ण झटक्याचा जोर आठ-दहा सेकंदच टिकतो, त्यापुढे तो उतरतोच. म्हणून तो सुरुवातीच्या हिसक्यासाठी राखा. आणि आखाजीच्या उन्हात ४३-४४ अंशांत उपाशीपोटी हे करू नका. मीठ-साखरेचं पाणी नेमात बसत नसेल तर पुजाऱ्यांशी बोला. ते नाही म्हणणार नाहीत.

हमाल मापाडी, जळगाव:

ताईंनी तरफेचं लिहिलं ते मी अंगावर शिकलो. मार्केटात २६ वर्षं काढली. आमच्या वेळी क्विंटलचं पोतं होतं. गावाकडचा धट्टाकट्टा पोऱ्या यायचा, दंड असे, आणि पोतं पोटाशी धरून उचलायला जायचा. दुसऱ्या दिवशी घरी. आमचा एक म्हातारा हमाल होता, असेल पन्नास किलोचा. तो म्हणायचा, पोतं आणि तू यांच्यामधून वारा जाता कामा नये. पोतं मानेखाली पाठीवर, कंबर त्याच्या बरोब्बर खाली, पावलं छोटी. फळीवरून ट्रकात चढताना श्वास धरायचा आणि वर गेल्यावर सोडायचा. तो दिवसाला शंभर-सव्वाशे पोती टाकायचा.

फिटरभाऊ, पट्टा पोटावर बांधू नको, खाली हाडावर बांध, कुल्ल्याच्या. आणि दोर कुठे बांधतोस ते बघ. जू तुझ्या कमरेपेक्षा खाली असेल तर दोर तुला जमिनीत दाबेल, पाय धरतील. जू वर असेल तर दोर तुला उचलेल आणि पाय सुटतील. हातगाडी ओढणाऱ्याला विचार, तो हेच सांगेल. माझ्या मणक्यात आता दोन ठिकाणी गॅप आहे. ताकद होती, अजून आहे, मणका राहिला नाही.

भुसावळ यार्ड, निवृत्त:

रेल्वेत शंटिंगला, म्हणजे डबे हलवून जोडण्या-सोडण्याच्या कामाला, ३० वर्षं. रुळावर लोखंडावर लोखंड फिरतं, तिथे अडथळा फारच कमी, टनाला एक-दोन किलो. बावीस टनांचा रिकामा वाघीण डबा सपाट रुळावर तीन-चार माणसं खांदा लावून हलवायची, मी रोज पाहिलं. हलला की एक माणूसही चालता ठेवतो. त्यामुळे दहा टन ऐकून घाबरू नको.

पण मला तुझ्या गोष्टीत एक शब्द हवा होता तो सापडला नाही. गाड्या एकमेकींना कशाने बांधता, आणि मध्ये ढील असते का? जुन्या मालगाडीत कपलिंगला, म्हणजे दोन डब्यांमधल्या जोडाला, ढील असायची. जड गाडी सुटत नसेल तर ड्रायव्हर आधी इंजिन थोडं मागे दाबायचा, सगळ्या कपलिंग सैल व्हायच्या, मग पुढे घ्यायचा. डबे एकेक करून सुटायचे, खट खट खट आवाज मागे जायचा. थांबलेलं चाक हलवायला चालत्या चाकापेक्षा बराच जास्त जोर लागतो. बारा एकदम हलवायच्या की एकावेळी एक, सगळा फरक तिथे आहे.

दुसरं म्हणजे डबा हलवणं हे शिकाऊ पोराचं काम. थांबवणं हे माझं काम होतं. सुटलेल्या डब्यापुढे आम्ही कधी माणूस उभा केला नाही, चाकाखाली लोखंडी स्किड टाकायचो. तुमच्याकडे थांबवायला काय आहे?

गिरणाकाठचा फिटर:

सगळ्यांना दंडवत. मध्ये चार आठवडे गेले. टायर ओढतोय, ताई. पहिल्या दिवशी बारा पावलांत बसलो होतो, आता तीस होतात.

मास्तरांनी सांगितलेली मापं घेतली. कापसाच्या व्यापाऱ्याकडून १०० किलोचा टांगता काटा आणला. मारुतीच्या पारासमोर आमचीच गाडी उभी केली, सपाट जागी. जुवाला काटा अडकवला, काट्याला दोर, दोर मी आणि भाचा दोघांनी हळूहळू ताणला आणि काका खुर्चीवर बसून काटा वाचत होते. आठ पोरं गाडीवर. काटा २०, २५, ३० वर गेला, चाक जागचं हललं नाही. ३३ ला चाकाने एकदा कुरकुर केली आणि सुटली. सुटल्याबरोबर काटा २१ वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. तीनदा केलं, एखाद-दोन किलोचाच फरक. मास्तर, तुमचा अडीच टक्क्यांचा अंदाज अगदी तंतोतंत.

मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन पार ते ओटा लेव्हल काढली. अंतर ११० मीटर, उतार २ मीटर ३० सेंटिमीटर. म्हणजे शंभराला २.१. रोज त्या रस्त्याने जातो, सायकल पाय न मारता जाते, पण कधी लक्षातच आलं नाही. चालत्या बारा गाड्यांना २५० लागतात, त्यातले २१० उतार देतो. उरतात ४०. मास्तर, माझ्या पायाची पकड तुम्ही चाळीस-त्रेचाळीस सांगितली होती. मी वहीत दोन आकडे शेजारी लिहिले आणि काकांना दाखवले. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, आपल्या पणजोबांनी जागा निवडली ती अशी.

यार्डवाले काका, तुमचं उत्तर काकांनी दिलं. पूर्वी गाड्या सुताच्या दोराने बांधायचे आणि मध्ये हातभर ढील सोडायची असा नियमच होता, का ते कोणी सांगत नसे. बारा गाड्या एकदम हलवायच्या तर ४०० लागतात, उताराचे २१० वजा, १९० उरतात. ढील असेल तर शेवटची गाडी सुटताना फार तर पन्नास-बावन्न. मी आणि दोन बगले, तीन जोड्या पाय, होऊन जातं. गेल्या वर्षी कोणीतरी मजबुती म्हणून साखळदंड आणले आणि ताणून बांधले. गाड्या हलेनात. मग मागून पब्लिक लागलं ढकलायला. शे-दोनशे माणसं.

आणि रस्ता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो मुरमाचा होता, तेव्हा अडथळा जास्त होता, काकांना थोडं मागून ढकलून घ्यावंच लागे. गेल्या वर्षी आखाजीच्या आधी काँक्रीट झालं. शिवाय बारांतल्या सात गाड्या टायरच्या होत्या, कारण लाकडी चाकाच्या आता गावात मिळतच नाहीत. मी एका टायरच्या गाडीलाही काटा लावला. आठ माणसांनिशी १३ किलो. उतार तिला १७-१८ देतो. ती कोणी न ओढताच चालते. आम्ही सगळे वर्षभर म्हणत होतो, काकांचं वय झालं, नेमात काही चुकलं असेल. माझी आजी तर त्यासाठी जेजुरीला जाऊन आली. काकांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

शेवटचं माप भंडाऱ्याचं. पाराच्या कड्याला काटा बांधला, माझ्या पट्ट्याला दोर, आणि अनवाणी जितकं रेटता येईल तितकं रेटलं. ४१ ला पाय सुटले. मग यात्रेत उधळतात तसा त्या जागेवर भंडारा टाकला, मूठभर. २७ ला सुटले. त्यावर थोडं पाणी शिंपडलं तर पाय ठरेचना, काटा वीसच्या वर गेलाच नाही. तळव्याला हळदीचा पिवळा थर बसतो, साबणासारखा. काका तिथेच घसरले होते.

अमळनेरचे निवृत्त मास्तर:

बाळा, हे तू फार चांगलं काम केलंस. मला एवढंच मांडायचं आहे की आता तुझा प्रश्न ओढण्याचा राहिला नाही. दहा टन सेकंदाला तीन मीटर वेगाने, म्हणजे माणूस हळू धावतो तेवढ्याने, येत असतील आणि दहा मीटरात थांबवायचे असतील, तर साडेचारशे किलोहून जास्त मागे ओढ लागते, आणि उताराचे वेगळे. पुढे उभा असलेला माणूस कितीही बळाचा असो, त्याच्या पायाखाली चाळीसच आहेत. थांबवणारी माणसं मागे हवीत. शेवटच्या गाडीला दोन लांब दोर, प्रत्येकावर वीस जण, चप्पल-बूट घातलेले. ओट्याच्या आधी वीस मीटरवर खडूची रेघ मार, तिथून मागचे ताणतील. तू ओट्याच्या बाजूला वळून निघायचं, गाड्यांच्या वाटेत थांबायचं नाही. ओट्यापुढे दोन ट्रॉली वाळू पसर. वाळूत अडथळा दसपट होतो, हे पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं, ते इथे कामाला येईल.

गिरणाकाठचा फिटर:

काल पारावर बैठक झाली. मी वही घेऊन गेलो होतो, पण बोलले काका. काठी टेकत उभे राहिले आणि टाच दाखवली. वाळू मंजूर झाली, मागचे दोर मंजूर झाले. भंडारा गाड्यांच्या मागे उधळायचा, पुढे नाही, यावर थोडी कुरबुर झाली. शेवटी पुजारीच म्हणाले की पाठीवर पडलेला भंडारा पण देवाचाच. ढकलणं पूर्ण बंद करायला मात्र लोक तयार नाहीत. त्यांचा हात लागल्याशिवाय त्यांना पुण्य लागत नाही असं म्हणतात. तडजोड अशी, की गाडीच्या बाजूला हात लावून चालायचं, मागून रेटायचं नाही. मला अजून याची काळजी आहे. बाजूने चालणारा पडला तर चाकाखालीच जाणार. म्हणून बाजूने फक्त मोठी माणसं, पोरंबाळं पारावर. लाकडी चाकाच्या गाड्या शेजारच्या तीन गावांतून नऊ मिळाल्या आहेत. तीन अजून हव्यात. चोपडा, एरंडोल, धरणगावकडे कोणाकडे चालती गाडी असेल तर कळवा, आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नेऊ आणि तशीच पोहोचती करू.

आणि एक दोराबद्दल. मागच्या दोरांना नायलॉन घेतला नाही. तो ताणला की लांबतो, आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो, कारखान्यात एकदा पाहिलंय. सुताचा दोन बोटं जाड दोर घेतला आहे, जळगावच्या बाजारातून, दोन तुकडे, साठ-साठ फूट. आज संध्याकाळी त्याला पारावरच्या पिंपळाला बांधून चाळीस जणांनी ताणून बघणार आहोत.